बरडावर निलगिरी लावावी का? पेपर मिलला किती दिवस लाकूड लागणार?

राजुरा तालुक्यातून (जि. चंद्रपूर) एका शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकर काळी, तीन एकर बरड (हलकी, मुरमाड). बरडावर सोयाबीन परवडत नाही. मजूर मिळत नाही, आणि जे उगवतं ते रानडुकरं आणि रोही (नीलगायी) ठेवत नाहीत. गावात एक एजंट येतो. रोपं देतो, चार वर्षांनी लाकूड आम्हीच उचलू म्हणतो. थोरले भाऊ म्हणतात, निलगिरीनं जमीन वांझ होते. मुलगा म्हणतो, मोबाईलच्या जमान्यात कागद घेणार कोण? निलगिरी लावू, सुबाभूळ की बांबू? आणि सहाही एकरांत लावू का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सहाही एकरांत नको. काळी जमीन कापूस-तुरीलाच ठेवा. काळ्या भारी जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात निलगिरीची कोवळी मुळं तुटतात. पावसाळ्यात तिथंच पाणी साचलं की झाड पिवळं पडून बसतं. म्हणजे चांगली जमीन अडकवून मध्यम लाकूड घ्यायचं, यात शहाणपण नाही. बरडाचा विचार मात्र नक्की करा. तो कसा करायचा ते पुढे सांगतो, कारण "बरड" या एका शब्दात चार प्रकारच्या जमिनी येतात.

त्याआधी मुलाचा प्रश्न. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. वर्तमानपत्राचा आणि ऑफिसातला कागद कमी होतोय हे खरं. पण खोकी, औषधांची पाकिटं, कागदी कप, टिश्यू यांची मागणी वाढते आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, तिनंही थोडा हात दिला. यातली गोम अशी की आपल्या देशातला बहुतेक कागद लाकडापासून होतच नाही, रद्दीपासून होतो. तपकिरी खोकं तर जवळजवळ सगळं रद्दीचं. पण रद्दीचा धागा दर फेरीला आखूड आणि कमजोर होत जातो. पाच-सात फेऱ्यांनंतर तो लगद्यातून निसटून गाळात जातो. त्यामुळे चक्रात कुठेतरी ताजा धागा घालावाच लागतो, आणि छपाईचा पांढरा कागद किंवा कपाचा पुठ्ठा करायचा तर तो भरपूर लागतो. तेव्हा तुमच्या चार वर्षांच्या पिकाला गिऱ्हाईक राहील याची काळजी नको. दर उड्या मारेल अशी आशाही धरू नका. गावचं लाकूड फार महाग झालं तर गिरणी परदेशातून तयार लगदा आणते. तुमच्या दराला वरून झाकण आहे ते हेच.

मग गिरण्या शेतकऱ्याच्या दारी का येतात? पूर्वी बल्लारपूरसारख्या गिरण्यांना जंगलातला बांबू सरकारकडून सवलतीच्या दरात मिळायचा. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं सांगितलं की उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उभा करावा आणि सवलतीचा दर बंद व्हावा. पुढे वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तेव्हापासून जंगलातला बांबूही ग्रामसभा लिलाव करून विकू लागल्या. फुकटासारखा माल संपला. आता गिरणीची खरी अडचण कागदाच्या मागणीची नाही, शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत पुरेसं लाकूड मिळण्याची आहे. एजंटाशी बोलताना हे लक्षात असू द्या. तो तुमच्यावर उपकार करायला येत नाही.

आता जमीन. बरडात तीन ठिकाणी एक मीटर खोल खड्डे घ्या: एक वरच्या अंगाला, एक मधे, एक खालच्या बांधाजवळ. मातीखाली मऊ मुरूम असेल, पहार आत जात असेल, मुरमात फटी दिसत असतील, तर निलगिरी चालेल. फूटभरावर सलग खडक लागला तर निलगिरीही नको आणि सुबाभूळही नको. पहिली दोन वर्षं झाड छान वाढेल, तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडे वाळतील. चुनखडीचे पांढरे खडे दिसले तर माती तपासून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर निलगिरीला लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. अशा जमिनीत सुबाभूळ तग धरते, पण तिला मातीची खोली हवी आणि पाण्याचा निचरा हवा.

तुमच्या बाबतीत सुबाभळीचं दुखणं वेगळंच आहे. तुम्हीच लिहिलंय की रोही पीक ठेवत नाहीत. सुबाभूळ म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेलं ताट. शेळ्याही सोडत नाहीत. शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, पक्कं कुंपण नसेल तर हातात झुडपं उरतील. शिवाय बी पडून ती शेजारच्या शेतात उगवते, ती भांडणं वेगळी. निलगिरीच्या पानाला मात्र जनावर तोंड लावत नाही. तुमच्या शिवारात तिचा सगळ्यात मोठा गुण हाच.

सुरूचं झाड काही एजंट सुचवतात. ते वाळूच्या, हलक्या पोयट्याच्या जमिनीचं आहे. मुरमावर त्याच्या नादी लागू नका.

निलगिरी लावायची ठरली तर बियांची रोपं घेऊ नका, क्लोनची घ्या, म्हणजे निवडक झाडाच्या फुटव्यापासून केलेली. भद्राचलमच्या क्लोननी आंध्र-तेलंगणात शेतकऱ्यांचं लाकूड वाढवलं. ४१३, ५२६, ७ असे नंबर तुम्ही ऐकले असतील. पण "सगळ्यात भारी क्लोन" असं काही नसतं, जमिनीगणिक बदलतं. आपल्यासारख्याच बरडावर तीन वर्षांची लागवड कुणाची आहे ते शोधा, तिथं जाऊन झाडाला दोरी लावून घेर मोजा, आणि मग नंबर ठरवा. एकच नंबर तीन एकरांत लावू नका. दोन किंवा तीन नंबर, प्रत्येकाचा वेगळा तुकडा. कारण गाठमाशी. २००० नंतर आपल्याकडे पसरलेली ही बारीक कीड पानाच्या मधल्या शिरेवर आणि देठावर गाठी करते, काही क्लोन तिला सहज बळी पडतात आणि शेंडा खुरटतो. रोपवाटिकेतच पानं उलटून पाहा. गाठी दिसल्या तर ट्रे परत.

रोप रूट ट्रेनरमधलं (मुळं सरळ खाली वाढवणाऱ्या कप्प्यांच्या ट्रेमधलं), तीन-चार महिन्यांचं, फूटभर उंच असावं. पिशवीतलं जुनं रोप स्वस्त मिळतं, पण त्याची मुळं तळाशी गुंडाळलेली असतात. असं झाड दोन वर्षांनी वाऱ्यात मुळापासून कलतं. दोन-चार रोपं काढून मुळं बघायला लाजू नका.

अंतर ३ बाय २ मीटर धरलं तर एकरी सुमारे ६७५ रोपं बसतात, ३ बाय १.५ मीटरला ९००. एजंट ९०० सांगेल, कारण त्याला रोपं खपवायची आहेत. बरडावर आमचा कौल ६७५ ला. याचं कारण वजनात आहे. छातीच्या उंचीला ३० सेंमी घेर आणि ११ मीटर उंची असलेलं झाड साधारण ३५ किलो भरतं. घेर ४० सेंमी आणि उंची १४ मीटर झाली की तेच झाड ८० किलोच्या आसपास जातं. घेर तिसऱ्या हिश्श्यानं वाढला तर वजन दुपटीच्या वर. आणि पाच सेंमीपेक्षा बारीक काठी गिरणी सहसा घेत नाही, ती सरपणाच्या भावानं जाते. दाटी करून बारीक काठ्या पिकवण्यात तोडणीची मजुरी तेवढी वाढते. पहिली दोन वर्षं तूर किंवा सोयाबीन आत घ्यायचं असेल तर ओळीतलं अंतर ६ मीटर आणि झाडांमधलं १.५ मीटर करा. एकरी ४५० झाडं होतील, लाकूड थोडं कमी येईल, पण ट्रॅक्टर फिरेल.

मे महिन्यात ओळींवर खोल नांगरट करा, शक्य असेल तर सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) चालवा. मुरूम फुटला की अर्धी लढाई झाली. फूट बाय फूट खड्डा, त्यात १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सुपर फॉस्फेट. पहिल्या पावसाला लावायची घाई करू नका. शंभरेक मिलिमीटर पाऊस होऊन माती वीत-दीड वीत ओली झाली की लावा. महिन्याच्या आत नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरा. दीड महिन्यानंतर भरलेलं रोप शेजाऱ्याच्या सावलीत कायम मागे राहतं.

पहिल्या वर्षी झाडं मरतात ती मुख्यतः दोन कारणांनी. एक वाळवी: जमिनीलगत साल गोल कुरतडते, रोप उभ्या उभ्या वाळतं आणि ओढलं की हातात येतं. जिथं वाळवी आहे तिथं लावताना क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, लिटरला २ मिली या प्रमाणात, खड्ड्यात लिटरभर ओता; हातमोजे घाला, विहिरीजवळ ओतू नका. दुसरं कारण गवत. निलगिरीचं रोप गवताशी भांडण्यात फार दुबळं असतं. पहिले दीड वर्ष प्रत्येक झाडाभोवती एक मीटर व्यासाचं आळं साफ पाहिजे. खतावर खर्च करून निंदणाला हात आखडणारे लोक आपण नेहमी बघतो. त्याच्या उलट करा. हिवाळा संपताच चारी बाजूंनी तीन मीटरचा पट्टा साफ करून ठेवा, आपल्याकडे फेब्रुवारीपासून मोहफुलाच्या हंगामात आगी लागतात.

थोरल्या भावांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. निलगिरी पाणी पिते, कारण ती लाकूड भराभर करते. पाणी न पिता लाकूड करणारं झाड अजून निघालेलं नाही. म्हणून विहिरीपासून, नाल्यापासून दूर ठेवा आणि शेजाऱ्याच्या बांधापासून निदान पाच मीटर सोडा. त्या बाजूला तीन फूट खोल, दीड फूट रुंद चर काढा, म्हणजे मुळं त्याच्या पिकात शिरणार नाहीत. चर दोन वर्षांनी पुन्हा साफ करावा लागतो, नाही तर मुळं भरलेल्या मातीतून पलीकडे जातात. जमिनीचा कस जातो तो मुख्यतः तोडणीच्या वेळच्या सवयीनं. झाडातला कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीत असतो, नत्र पानांत. साल गाडीत गेली आणि पाला पेटवला की कस गेला. साल शेतातच सोला, पाल्यासकट पसरून द्या. आठ-दहा वर्षांनी परत पीक घ्यायचं असेल तर बुंधे काढायला जेसीबीचा खर्च येतो, तो आजच हिशेबात धरा.

हिशेब कसा मांडायचा ते बघू. आकडे मानलेले आहेत, तुमच्याकडचे चालू दर त्यात भरा. गिरणीच्या गेटवर टनाला ५,००० रुपये धरू. तोडणी, साल काढणं, भरणं १,२००. चाळीस किलोमीटर वाहतूक ५००. शेतात उरले ३,३००. बरडावर कोरडवाहूत चार वर्षांत एकरी २२ टन धरा. एजंट ४० सांगेल, ते चांगल्या जमिनीचं आणि ओलिताचं आहे. म्हणजे ७२,६०० रुपये. त्यातून लागवड आणि दोन वर्षांची निगा २४,००० वजा केली तर ४८,६००, म्हणजे वर्षाला एकरी १२,१५०. आता फक्त वाहतूक बदला. गिरणी दीडशे किलोमीटरवर गेली आणि टनाला १,५०० लागले, तर तोच आकडा वर्षाला ६,६५० वर येतो. झाड तेच, घाम तोच.

यावरून पुढचा धोका कळतो. तुमच्या जवळ बल्लारपूर आहे आणि सीमेपलीकडे तेलंगणात कागजनगरची सिरपूर मिल. ही सिरपूर मिल २०१४ मध्ये बंद पडली होती, २०१८ मध्ये जे. के. पेपरनं घेतल्यावर परत उभी राहिली. मधली वर्षं मोजा, निलगिरीचं एक पूर्ण पीक होतं. ज्यांचा माल त्याच वर्षांत तोडणीला आला त्यांना दूरच्या गिरणीचं भाडं भरावं लागणार हे उघड आहे. म्हणून एकाच गिरणीवर विसंबू नका. निलगिरीची एक सोय अशी की तिला थांबता येतं. पाचवं, सहावं वर्ष गेलं तरी झाड जाड होतं. जाड बुंधा प्लायवूडवाले घेतात, सरळ काठी बांधकामाच्या बल्लीला जाते. तिन्ही एकर एकाच वर्षी लावण्याऐवजी दरवर्षी एक एकर लावा. खर्चही विभागतो, आणि दर पडलेलं वर्ष सगळ्या मालाला सापडत नाही.

विकताना पैसे जातात ते ओलाव्यात. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. २२ टन ताजं लाकूड म्हणजे ११ टन सुका माल. उन्हात दोन-तीन आठवडे पडून ओलावा ३५ टक्क्यांवर आला की त्याच लाकडाचं वजन १७ टनांच्या खाली जातं. पाच टन हवेत. आमच्या मानलेल्या दरानं गेटवरचे पंचवीस हजार रुपये. म्हणून गाडीचा नंबर लागल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका, आणि तोडल्या दिवशीच साल काढा. वाळलेली साल लाकडाला चिकटते, मजुरी दीडपट होते. गिरणी सुक्या वजनावर पैसे देत असेल तर हा धाक नाही, पण मग ओलावा कोण आणि कसा मोजतो ते आधी विचारा. गाडी गिरणीत जाण्याआधी बाहेरच्या धरमकाट्यावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा तोलून पावती ठेवा.

उभी झाडं उक्ती (न तोलता, एकरकमी) देण्याचा मोह होईल, कारण तोडणीची कटकट नसते. द्यायची तर आधी आपला अंदाज काढा. तीन ठिकाणी वीस-वीस झाडांचे घेर मोजा, सरासरी घेराची तीन झाडं पाडून तोला, आणि जिवंत झाडांच्या संख्येनं गुणा. व्यापारी डोळ्यानं मोजतो आणि त्याचा डोळा नेहमी कमी मोजतो.

तोडणी डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यासाठी गिरण्या उन्हाळ्यात साठा करतात, त्याच्या तोंडावर माल जातो, आणि बुंध्यालाही एप्रिल-मेचा चटका बसत नाही. बुंधा जमिनीपासून १० ते १५ सेंमीवर, करवतीनं, थोडा तिरपा कापा म्हणजे पाणी साचत नाही. कुऱ्हाडीनं साल फाटली की त्या बाजूनं फुटवे येत नाहीत. फांद्यांचा ढीग बुंध्यावर टाकू नका. दहा-पंधरा फुटवे निघतात. ते दीड-दोन मीटर झाले की खालच्या अंगाचे, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी काढा. हा खोडवा. त्याला रोपांचा आणि खड्ड्यांचा खर्च नाही, म्हणून खरा नफा दुसऱ्या तोडणीत असतो. दोन खोडवे सहज निघतात, तिसऱ्याला नांगे फार होतात.

बांबूचं थोडक्यात. त्याचा धागा निलगिरीच्या दुपटीहून लांब असतो, कागदाला ताकद देतो, गिरणीला तो हवाच असतो. २०१७ च्या शेवटी आलेल्या दुरुस्तीनंतर शेतातला बांबू भारतीय वन अधिनियमात झाड राहिला नाही, त्यामुळे जुना जाच बराच कमी झाला. पण पहिली कापणी पाचव्या वर्षाच्या सुमाराला येते आणि रानडुकरं कोवळे वास्ते (कोंब) उकरून खातात. सलग एकरात नको. नाल्याच्या काठानं आणि जिथं फूटभरावर खडक आहे त्या कोपऱ्यात मानवेल जातीचा बांबू लावा, ५ मीटर अंतरानं. तीन वर्षांवरचे बांबूच कापा, नवे ठेवा. आणि सुटा, सरळ बांबू गिरणीला वजनानं देण्यापेक्षा बुरडाला नगावर दिला तर जास्त पैसे होतात. रोपं आणि प्रशिक्षणासाठी चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे.

कागदपत्रं. निलगिरी आणि सुबाभूळ महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत नाहीत, तरी लावल्या वर्षीच तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. माल तेलंगणात न्यायचा झाला तर नाक्यावर पहिला प्रश्न हाच येतो. वाहतूक परवान्याचं वनपरिक्षेत्र कार्यालयात तोडणीच्या दोन महिने आधी विचारा. रोपांच्या पावत्या आणि गट नंबरचा नकाशा जपून ठेवा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार तिकडे जाणाऱ्या कागदाचं लाकूड कुठल्या जमिनीवरचं आहे आणि ती ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेली नाही ना, हे दाखवावं लागणार आहे. त्या नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी निर्यात करणाऱ्या गिरण्या ही माहिती मागतील. तुमची जुनी शेतजमीन आहे, तुम्हाला हे सोपं आहे.

एजंटाचा करारनामा मराठीत मागा. दर "तोडणीच्या दिवशीचा गेटचा दर किंवा ठरलेला किमान दर, यांतला जो जास्त तो" असा लिहिलेला हवा. लाकूड किती दिवसांत उचलणार, पैसे किती दिवसांत देणार, आणि उचललं नाही तर दुसऱ्याला विकायची मोकळीक आहे का, हे तीन मुद्दे नसतील तर सही करू नका. त्यापेक्षा रोपं रोखीनं विकत घ्या. एकरी पावणेसातशे रोपांचे पैसे वाचवायला चार वर्षांचं लाकूड बांधून देण्यात काही फायदा नाही.

चांगल्या क्लोनची नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीतच करावी लागते, जूनमध्ये उरलेली रोपं गळ्यात पडतात. तेव्हा खड्डे या महिन्यातच घ्या, आणि मुरूम किती खोलीवर लागला, पहार गेली की नाही, तिन्ही खड्ड्यांचं वेगवेगळं लिहून कळवा. कुठल्या तुकड्यात किती रोपं ते त्यावरून सांगता येईल.